किंवा

यादीत दोन नावं एकाच ओळीत छापलीत,
टकर हॅलोरन किंवा जमीर ओडम.
ड्वेन म्हणतो, यंदाच्या मोसमातला
सगळ्यात भारी खेळाडू तो मधला 'किंवा'.

अहमदीत संध्याकाळचे सात, बाहेर अजून चव्वेचाळीस.
प्रयोगशाळेच्या दाराची मूठ मी ओढणीत धरून फिरवते.
आत बारा जण, हुसामच्या पिवळ्या हेल्मेटमध्ये बारा चिठ्ठ्या.
माझा नंबर अकरावा.
माणशी पाच दिनार. संघ खोटे, दिनार खरे.

नाव फुटबॉल, पण पायाचा संबंध बेताचाच.
क्वार्टरबॅक म्हणजे काय हे मला तिसऱ्या वर्षी कळलं:
ज्याच्या हातात चेंडू अडीच सेकंद असतो
आणि दोष आठवडाभर.

टकर सहा फूट चार, बाप याच कॉलेजचा,
चेंडू असा सोडतो, जसं ओळखीच्या पेटीत पत्र टाकावं.
जमीर ठेंगणा, दुसऱ्या कॉलेजातून आलेला,
पळायला लागला की पंचसुद्धा अंग चोरतात.
कोच रोज तेच सांगतो: दोघांवरही खूश आहे,
अजून काही ठरलेलं नाही.
आत्याने मुलासाठी दोन स्थळं अशीच टांगून ठेवली होती,
दोन्हीकडचे पोहे दोनदा खाऊन.

बाबा कुरुंदवाडला पी.टी. शिकवायचे,
तालुक्याचा खो-खोचा संघ निवडायचे.
म्हणायचे, पळणं सगळेच बघतात,
तू बाद झालेल्याकडे बघ.
कोण माती झटकतो, कोण पंचावर डोळे काढतो,
कोण जाता जाता पुढच्याला सांगतो,
सांभाळ, तो डावीकडेच वळतोय.

म्हणून मी रात्री, आवाज बंद करून,
त्यांच्या सरावसामन्यातल्या फक्त चुका बघितल्या.
चेंडू गमावल्यावर टकर
मैदानातल्या मोठ्या पडद्यावर स्वतःलाच पुन्हा बघत राहिला.
जमीर गेला त्या जाड्या पोराकडे, ज्याच्या बाजूने खिंड पडली होती,
त्याच्या हेल्मेटला हेल्मेट टेकवून काहीतरी बोलला
आणि पोरगं हसलं.
पंधरा सेकंद. मी नऊ वेळा मागे नेऊन बघितलं.

हा पुरावा नव्हे, मला कळतं.
दिवसभर मी तेच करते: तेल हळूहळू तापवायचं,
वर इवलीशी ज्योत फिरवायची,
नेमकं कुठल्या अंशाला भक् होतं ते लिहायचं.
मग तोच नमुना पुन्हा.
दोन आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्यांदा.
इथे माझ्याकडे एकच आकडा.

आणि बाबांचं म्हणाल तर
त्यांनी निवडलेला सुतारांचा दिगंबर घरीच राहिला,
जिल्ह्याला गेला तो संस्थाचालकांचा भाचा.
म्हणजे पोरं ओळखून भागत नाही.
निवडणारा ओळखावा लागतो.
इतकं कळूनही

नववा गेला, दहावा गेला, ड्वेनने पेन माझ्याकडे रोखलं.
जमीर, मी म्हटलं.
शेजारून रोवेना लगेच, टकर.
कुणीतरी घ्यायला हवा ना त्याला, म्हणाली.
सगळे हसले. आम्ही दोघीही.

आमच्या दोघींच्या खणात रविवारपासून एकेक पाकीट आहे.
डिसेंबरनंतर या बाकावर एकच जागा.
त्यात 'किंवा' असा शब्द कुठेच नाही,
कंपनीची भाषा फार सभ्य.
तिने आज डब्यातला अर्धा अडोबो मला वाढला,
मी तिला शेवटची दोन धपाटी दिली.
पाकिटाचं कुणी काढलं नाही.

बसथांब्यावर धूळ, लांब ज्योतीचा नारिंगी धूर.
तुमच्याकडे काय म्हणतात गं, तिने विचारलं,
त्या दोन नावांमधल्या शब्दाला?
मी सांगितलं. तिला नीट म्हणता आलं नाही,
'किव्वा, किव्वा' करत राहिली.
तिच्या भाषेत नुसता 'ओ'.

आमच्याकडेही आहे, मी म्हटलं,
पण तो हाक आली की देतात.