दोन खेचरांची माती

एडेंडेल. गुरुवार, म्हणजे अर्धी सुट्टी.
पत्र्याच्या चर्चमध्ये सतरा बायका,
लाल ब्लाउज, कडक पांढऱ्या कॉलरी
आणि चिकटपट्टीने पाठ सावरलेलं झुलू बायबल.

झिबुयिले वाचते.
अरामच्या सेनापतीला कोड.
त्याच्या बायकोच्या हाताखाली एक पोर,
धाडीत पळवून आणलेली.
बरं करणारा कुठे भेटेल, तिनेच सांगितलं.

“पाद्रीबाबा म्हणतात, बघा, किती इमानी मोलकरीण.”
माखोझा चष्मा काढते.
“पण नाव काय तिचं?
मलाही तेवीस वर्षं मार्गारेट म्हणाले.
बजाबुलिले म्हणायला जीभ वळेना त्यांची.”
कुणीतरी हसतं,
मग हसायचं थांबतं.

वाच पुढे.
नदीत सात बुड्या. कातडी लेकरासारखी.
चांदी किती, सोनं किती, कपड्यांचे जोड दहा,
सगळं मोजून लिहिलंय.
मग सेनापती माती मागतो,
दोन खेचरांवर मावेल इतकी,
पोरीच्या मुलखातली,
परत गेल्यावर देवापुढे वाकायला.

“माती नेली,” माखोझा म्हणते.
“पोर मात्र धाडली नाही घरी.”

झिबुयिले पान उलटते, परत उलटते.
नाहीच.

“अंगणात ती ओझी उतरवली,
तेव्हा झाडू कुणाच्या हातात होता?”

बाहेर टॅक्सीचा हॉर्न.
पाचला मालकिणीची भांडी.
उठता उठता मागच्या बाकावरची म्हातारी,
आजवर प्रार्थनेशिवाय न बोललेली,
ॲप्रनचा खिसा चाचपते:

“मी तर मूठभर उचललीच असती.”