अर्धा मिलिमीटर

फोक्को डायकेमा, वय एकोणसाठ.
ग्रोनिंगेनच्या उत्तरेला, सांडपाण्याच्या टाक्यांवर
एकतीस वर्षं.
निवळ वर, साका खाली,
एवढंच शिकलो, म्हणतो.
बूट दाराबाहेर. नेहमीच.
मेहुण्याच्या लग्नात दारातच त्याला विचारलं होतं :
धुवून आलास ना?

जमिनीखालचा वायू उपसला
आणि जमीन रात्री कूस बदलू लागली.
फार नाही. कपाटातल्या बशा किणकिणाव्यात इतपत.
मग भिंतींना चिरा.
हिंड्रिक्ये प्रत्येक चिरेशेजारी पेन्सिलीने तारीख घालते,
दाराच्या चौकटीवर पूर्वी मुलांची उंची लिहायची तशी.
मुलांचं वाढणं कधीच थांबलं.

विद्यापीठातून सीट्स्के येते, बरण्या घेऊन.
गाळ मागते.
आजवर हा गाळ कुणी न्यावा म्हणून
वर पैसे मोजलेले,
आणि ही झाकण घट्ट लावते, मुरंब्याच्या बरणीसारखं.
मोहरीएवढे दाणे त्याचे.
त्यांतून ती काढते डिंकासारखं काहीतरी,
त्या डिंकात निजवते जिवाणू,
आणि ते सगळं सिमेंटात.
भिंत तडकली, पाणी आत शिरलं
की जागे होतात, खातात,
मागे चुनखडी ठेवतात.
"म्हणजे हगतात," फोक्को म्हणतो.
ती थोडा विचार करते.
"अगदी तसं नाही. पण चालेल."

टाकीमागे तिने हातभर कठडा ओतला
आणि मुद्दाम तडकवला.
पाळी संपली की फोक्को तिथे. नळीने पाणी घालतो.
मार्च गेला, एप्रिल अर्धा.
एका सकाळी चिरेत पांढरी कड,
खपली धरल्यासारखी.
नख पुढे झालं होतं.
त्याने हात खिशात घातला.

मग घरी घेऊन आला तिला.
स्वयंपाकघरातल्या चिरेत
सीट्स्केचं मोजायचं कार्ड
आख्खं आत गेलं.
"अर्धा मिलिमीटर," ती म्हणाली, "फार तर जरा जास्त.
त्याहून रुंद हे मिटवत नाहीत."
हिंड्रिक्येने कॉफी पुढे सरकवली.
टेबलावर गॅस कंपनीचा अर्ज,
चौथ्या तपासनिसाची सही व्हायची बाकी.
कोणी काही बोललं नाही.
फ्रिज घुरघुरत राहिला.

"गेल्या मंगळवारची एक आहे," हिंड्रिक्ये म्हणाली.
"बाहेरून. खिडकीच्या वर.
केसाएवढी."

शिडी लावली. बादली वर गेली.
ब्रशने, सावकाश, फोक्कोनेच भरली ती,
ओठांत पेन्सिल धरून हिंड्रिक्ये खाली उभी.
बादली खाली आली तशी
तिने वाकून वास घेतला.
पुन्हा घेतला.
"नाही येत," ती म्हणाली,
काहीतरी हरवल्यासारखी.

तारीख लिहिली.
दोघं आत गेले.
बूट बाहेरच.