पुरचुंड्या

देब्रेत्सेनच्या इस्पितळाखाली, तळघरात
बोग्लार्का मशीनचं झाकण लावते.
आता रात्रभर गरगरेल
व्हिल्मोशकाकांचं चमचाभर रक्त.

काका तिसा नदीवरचे नावाडी, चाळीस वर्षं.
कुणाच्या बोचक्यात काय, कधी विचारलं नाही.
एकदा जिवंत बदक निघालं,
एकदा तान्हं मूल.

सकाळी तिनं त्यांना सांगितलं होतं:
आतड्यातली गाठ अजून जागची हललेली नाही.
नुसत्या पुरचुंड्या सोडतेय रक्तात,
धुळीच्या कणाहून कितीतरी बारीक.
यकृताच्या काठाला लागतात त्या,
आणि तिथं कुणीतरी
न आलेल्या पाहुण्याचं अंथरूण घालू लागतं.

काका बराच वेळ टोपी फिरवत बसले.
"आणि चांगल्या पेशी? त्या नाही काही धाडत?"
धाडतात की. सगळ्याच धाडतात.
"मग नावाड्याला कसं कळावं?"

पहाटे मशीन थांबतं.
नळीच्या बुडाशी एक डाग,
आहे म्हटलं तर आहे.
बोग्लार्का तो दिव्यासमोर धरते,
श्वास रोखून,
परक्याच्या पुरचुंडीची
गाठ सोडायला
नख लावावं तशी.