दुसऱ्या पायाचा फोटो

पडले म्हणून मोडलं नाही.
मोडलं म्हणून पडले.
उदगीरच्या दवाखान्यात हे तीनदा सांगितलं,
तरी केसपेपरवर त्यांनी लिहिलंच:
‘घरात पाय घसरून.’

घसरायला काय होतं तिथं?
कोरडी शहाबादी फरशी,
हातात उडदाच्या डाळीची वाटी,
आणि शेजारच्या फरजानानं हाक मारली म्हणून
मी नुसती वळले.
कडब्याचं वाळकं ताट मोडावं तसा मांडीत आवाज.
मग जमीन.

आठ वर्षं दर रविवारी
उपाशीपोटी, पेलाभर पाण्यासंगं एक गोळी.
अर्धा तास ताठ बसायचं, आडवं व्हायचं नाही.
मी बत्तीस वर्षं नर्सबाई होते,
गोळ्या चुकवणाऱ्या बायांवर खेकसलेली.
माझी एकही चुकली नाही.

उन्हाळ्यापासून मांडी दुखायली होती,
आत कुणी खिळा ठेवून विसरल्यासारखी.
वात म्हणाले. शीर म्हणाले. वय म्हणाले.
सुनेनं एरंडाची पानं शेकून बांधली.
गोळीचं नाव मीही काढलं नाही;
भांडणात देवाला कोण ओढतं?

लातूरला डॉक्टर देवणीकरांनी फोटो उजेडाला धरला.
खडू मोडावा तशी आडवी, सरळ रेघ.
म्हणाले, हाडात दोन गडी राबतात, सिस्टर.
एक जुनं खणून काढतो, दुसरा नवं भरतो.
गोळीनं पहिल्याला घरी बसवलं.
तुमचे मणके वाचले त्यानंच.
पण इथं जुनं तसंच राहिलं,
बारीक तडे पोटात घेऊन.

राग आला, पण कुणावर धरू?
माझी आई साठीतच कमरेतून वाकली होती.
शेवटी शेवटी आभाळ तिला दिसायचं
ते हौदातल्या पाण्यात.
मी मोडले, ती ताठ उभी असताना.

मग म्हणाले, दुसऱ्या पायाचाही काढू.
तो दुखत नाही, मी म्हटलं.
तरी काढू.

गार टेबलावर उजवा पाय,
काही न बोलणारा, कामसू.
त्याच्या बाहेरच्या कडेला
हरभऱ्याला असते ना,
तेवढीच चोच.

रविवारी पहाटे वॉर्डात सवयीनं जाग आली.
डाव्या मांडीत सळई, उजवीचं अजून ठरायचंय.
गोळी आता बंद.
सुनेकडून पेलाभर पाणी मागून घेतलं,
नुसतंच प्याले,
आणि अर्धा तास
आडवी झाले नाही.