दहा मायक्रोग्रॅम

जगात जर्मनी, भारतात परभणी.
तर जर्मनीहून परभणीला ते आलं
मेच्या अठ्ठावीस तारखेला, दुपारी अडीचला,
वसमत रोडच्या कुरिअरवाल्याच्या डिकीत.
थर्माकोलचं खोकं, आतल्या बर्फाचं पाणी झालेलं,
आणि करंगळीच्या पेराएवढी एक कुपी.

केवळबाई म्हणाली, मॅडम, रिकामीच धाडली की व.
वापस करा.
मीही उजेडात धरून पाहिली.
तळाशी काही नाही.
मिठाच्या कणाहून कमी वजनाचं काहीतरी
आहे असं मानायचं,
आणि त्याचं बिल
केवळबाईच्या तीन पगारांएवढं.

इंटरल्युकिन दहा.
नाव रेल्वेच्या फलाटासारखं,
काम मात्र थोरल्या जावेचं:
पेशी पेटल्या की मध्ये पडून म्हणायचं,
पुरे आता. बसा खाली.

लेबलवर लिहिलंय 'मानवी'.
पण कुणा माणसाच्या रक्तातून नाही आलेलं.
तलाठ्याकडून सातबारा काढावा तसा
माणसाच्या जनुकाचा एक उतारा काढला,
आतड्यातल्या एका जिवाणूला दिला,
आणि त्यानं तो घोकला
अर्थ न कळता, कोटी तोंडांनी, रात्रभर.
उद्या मी पेशींना पेटवणार
ते याच जिवाणूच्या सालीनं.
काडी त्याची, पाणीही त्याचंच.
म्हणून तर हे विकण्याआधी
त्याचा सगळा वास धुऊन काढतात.

उघडण्याआधी फिरवून घ्यायची.
पाणी कडेकडेनं सोडायचं, घुसळायचं नाही,
फेस आला की कामातून गेलं.
मी श्वास धरून वीस वाटे केले,
वीस झाकणांवर तारीख घातली.

रात्री सव्वाअकराला लाइट गेली.
जनरेटरला डिझेल नव्हतं,
डिझेलच्या फाइलवर सही नव्हती.
भिंतीही तापलेल्या.
केवळबाई कुणाला न विचारता गेली
आणि इद्रीस कुल्फीवाल्याला उठवून
पोत्यात बर्फ घेऊन आली.
वीस वाटे आम्ही त्यात पुरले.
मग ती तिथंच बसली, बर्फावर हात ठेवून.
बोटांची पेरं सुंठेच्या कुड्यांसारखी,
सोळा वर्षं काचसामान धुतलेली.
म्हणाली, बरं वाटायलंय हाताला.

थोड्या वेळानं:
ह्यानं काय होतंय मॅडम?
मी म्हटलं, सूज उतरते.
मंग एक थेंब…
मी मोबाइलच्या उजेडात तिला लेबल वाचून दाखवलं:
फक्त संशोधनासाठी. माणसांवर वापरू नये.
माणसाचं हाय, अन् माणसाला न्हाई?
मंग कुणाला?
पेशींना.
त्या कुणाच्या?
एका पोराच्या, म्हटलं. जपानातल्या.
वर्षाचा होता, रक्ताचा आजार.
तो गेला, चाळीसेक वर्षं झाली.
पेशी वाढतायत अजून.

बर्फ पोत्यात तडकत होता.
तिनं विचारलं, नाव काय व्हतं त्याचं?
सगळ्या शोधनिबंधांत त्या पेशींना एक क्रमांक आहे.
मला नाव माहीत नाही, म्हटलं.
वर्षाचं म्हणजे चालत असंल, ती म्हणाली,
आणि बर्फावरचा हात उचलून
पदराला पुसला.

लाइट पावणेतीनला आली.

चौथ्या दिवशी प्लेट तयार झाली.
शहाण्णव खड्डे, पिवळे.
नुसती साल टाकली तिथं
पिवळं गर्द, हळदीच्या पाण्यासारखं.
जिथं आपलं दहा नंबर होतं
तिथं फिकं, फिकं,
शेवटच्या ओळीत जवळजवळ पाणी.
मी आकडे उतरवत होते.
केवळबाई खांद्यामागून वाकली,
बराच वेळ बघत राहिली.
निजलं लेकरू, म्हणाली.

आणि मोरीत गेली, पिपेटी धुवायला.
नळ सोडला, हवा खोकली.
आज पाण्याचा वार नव्हता.