अकरा खिडक्या

पहिली गोष्ट, यूसो: सरळ खाली खणू नकोस.
आम्ही सगळ्यांनी पहिल्या दिवशी तेच केलं.
पायाखालचा दगड काढला,
त्याच्याखालचा काढला,
मग एकदम लाल लाव्हा,
आणि हातातलं होतं नव्हतं ते गेलं.
जिना करत उतर. वेळ लागतो, लागू दे.

अंधार पडायच्या आत चार भिंती उभ्या कर,
मातीच्या चालतील.
इथला दिवस दहा मिनिटांचा,
म्हणजे डिसेंबरातल्या आपल्या दिवसाहून
फार काही लहान नाही.

सर्व्हर टौनोंच्या सौनाबाहेरच्या खोलीत असतो,
बर्चच्या सरपणाशेजारी, टॉवेलांच्या खुंटीखाली.
ते शाळेचे शिपाई. शाळाच बंद झाली
तेव्हा ऑफिसातला जुना कॉम्प्युटर
लिलावात चाळीस युरोंना घेतला
आणि एकोणसत्तराव्या वर्षी शिकायला बसले.
पोर्ट म्हणजे बंदर, वेन्लाने फोनवर सांगितलं,
ते उघडावं लागतं.
‘इथून समुद्र दोनशे किलोमीटर,’ म्हणाले,
पण उघडलं.

आम्ही तेरा जण. पाच गावांच्या शाळांत पांगलो,
पाच वेगवेगळ्या बसनी.
संध्याकाळी सातला त्या बंदरात एकेक नाव लागायचं:
इल्मा आली, याल्मारी आला,
वेन्ला आली, वेन्ला गेली
(तिचं नेट तसंच), वेन्ला आली.

आम्ही हानहिवारा बांधलं.
दुकान, पेट्रोल पंप, दुधाच्या कॅनचा ओटा,
टेकडीवरचा मनोरा, जिथे कुणी जात नाही.
गावात चर्च नव्हतंच,
पण याल्मारीला हवं म्हणून बांधलं,
मग पाडलं.
शाळा सगळ्यात शेवटी.

बॅकअप. हा शब्द लिहून ठेव.
टौनोंना तो कुणी सांगितलाच नव्हता.
फेब्रुवारीत वीज गेली, आली, पुन्हा गेली,
आणि सर्व्हर उठला तो कोराच:
नवं जग, कुरण, एक मेंढी.
तेरा जण त्या मेंढीभोवती उभे राहिलो.
कुणी काही टाइप करेना.

मग पुन्हा बांधायला घेतलं, आठवेल तसं,
आणि आठवण ज्याची त्याची.
शाळेच्या दर्शनी भिंतीला खिडक्या किती?
दहा, इल्मा म्हणाली. बारा, मी.
याल्मारी चौदावर अडून बसला,
तो कायम खिडकीशी बसायचा, त्याचं ऐका,
असंही एक मत पडलं.
शेवटी कुणीतरी माझी भिंत फोडली
आणि मी कुणाची तरी डुकरं सोडून दिली.

टौनो स्वतः कधी बांधत नसत.
कोपऱ्यात उभे, सुरुवातीला मिळतो तोच निळा शर्ट,
बदलता येतो हे त्यांना ठाऊक नव्हतं.
त्यांनी लिहिलं: थांबा.
आणि पन्नास मिनिटं त्यांचा माणूस नुसता उभा.
बाण लागला तरी हलेना.
आम्ही भांडण सोडून त्याच्याभोवती कुंपण घातलं.

त्या रात्री बाहेर उणे सत्तावीस होतं,
हे नंतर कळलं.
एका बोटाने टाइप करतात ते:
अकरा.
मग बऱ्याच वेळाने:
डावीकडून चौथीची काच फुटली आहे. आत बर्फ.

फुटकी काच या खेळात मिळत नाही, यूसो.
असते किंवा नसते.
आम्ही दहा बसवल्या,
चौथीची जागा मोकळी ठेवली.
नवा येणारा प्रत्येक जण
मदत म्हणून तिथे काच लावायला जातो.
लावू नकोस.

मार्चमध्ये मी बसने खरंच तिकडे गेले.
चौथ्या खिडकीवर फळी होती,
खिळे नवे, एक वाकडा.
याबद्दल टौनो काही बोलले नाहीत, मीही नाही.

तू हानहिवाऱ्याचा नाहीस, चालतं.
तुझं नाव यादीत घालायला सांगितलंय त्यांना.
स्पेलिंग दोनदा विचारलं.
रात्री तीनला खेळ दोन सेकंद अडकेल,
तेव्हा काही करू नकोस,
सगळं पुन्हा एकदा मोजलं जात असतं.