उजवा फूटपेग

पहाटे साडेपाचला साडीगार्ड काढला.
चार बोल्ट, त्यातला एक गंजलेला.
मालननं टॉर्च धरला नि विचारलं,
"म्हणजे आज मी नाहीच की गाडीवर?"
मी म्हटलं, ट्रॅकचा नियम आहे.
असा काही नियम नव्हता.
लोंबणारं, खुळखुळणारं काढून आणा,
एवढंच कळवलं होतं त्यांनी.

मग आरसे उतरवले.
हेडलाइटवर चिकटपट्टीची फुली मारली.
दोनशे सहा किलोची गाडी,
पाय पुढं पसरून बसायचं,
जेवण झाल्यावर आरामखुर्चीत बसल्यागत.
हुपरीच्या वाटेला उसाला तुरे आलेले,
धुक्यात फक्त तुरेच दिसत होते,
खाली ऊस असेल असं धरून चाललो.

ट्रॅकवर सांगलीची, बेळगावची पोरं.
चामड्याचे सूट, टायरांना गरम गोधड्या.
एकानं नम्रपणे सांगितलं,
"काका, पार्किंग त्या बाजूला."

शिकवणारी चिन्मयी सासने,
माझ्या थोरल्यापेक्षा लहान.
गाडीभोवती एक फेरी मारली,
वाकून पेग बघितला, जमिनीपासून किती वर,
नि म्हणाली,
"काका, हिला फार झुकवू नका. हिला जमतंय तेवढंच जमतंय.
बाकीचं तुम्ही अंगानं भरून काढा."

सव्वीस वर्षं शिरोलीच्या फाउंड्रीत
साच्यात वाळू ठोकली मी.
झुकायचं मला कुणी शिकवायला नको,
डॉक्टर तर म्हणतो, आता झुकू नका.

पहिली फेरी नुसती बघायची.
दुसरीला कंबर सीटवरून अर्धी बाहेर काढली,
गुडघा उघडला,
हनुवटी वळणाच्या पोटाकडं.
आणि तिसऱ्या उजव्या वळणाला
खालून आवाज आला,
साणेवर कोयता धरल्यासारखा,
लांब, खर्रर्र, पायाच्या तळव्यातून दाढेपर्यंत.
घाबरलो. गॅस सोडला नाही.
सोडायचा नसतो, एवढं लक्षात होतं.

सगळे पुढं गेले माझ्या.
सरळ रस्त्यावर तर असे गेले,
जसा मी मैलाचा दगड.
एकाला मात्र मी मागं टाकलं,
तो मातीत गेला होता, हात वर करून
मला ठीक आहे, ठीक आहे, सांगत होता.
ते धरायचं की नाही, अजून ठरत नाही.

चहाला तोच पार्किंगवाला पोरगा आला.
"काका, नाद खुळा! मागं नुसता जाळ निघत होता."
वितळल्या लोखंडाची ठिणगी
मी जन्मभर तोंडावर घेतली,
सदऱ्याला भोकं, मनगटाला डाग.
पाठीमागं उडालेली ही पहिलीच,
आणि ती मला दिसली नाही.

परतताना उद्यमनगरात थांबलो.
बाबालाल मुल्लाणीनं पेग हातानं चाचपला.
उजवा निम्मा झिजलेला, तिरका, आरशासारखा.
डावा जसाच्या तसा,
तिकडचा ट्रॅक उजवीकडंच जास्त वळतो.
"वेल्डिंगनं भरून देतो, पाच मिनिटं."
राहू दे, म्हटलं.
"मग डावा घासून बरोबरीला आणू?"
हसला नाही. खरंच विचारत होता.

संध्याकाळी साडीगार्ड परत बसवला.
मालनच्या मावशीकडं बारसं होतं.
कावळा नाक्याला वळताना
ती नेहमीसारखी उलट्या अंगाला झुकली.
लग्नापासून झुकते. मी डावीकडं वळलो की ती उजवीकडं,
सांगून दमलो, मग सांगायचं सोडलं.
आणि नेहमीसारखा मी
खांदा वळणात घालून
तेवढं वजन इकडं भरून काढलं.
हँडलवरच्या माझ्या मुठी
काही विशेष घडल्यागत वागल्या नाहीत.

"दिवसभर काय केलं तिथं?" मागून विचारलं तिनं.
"गोल गोल फिरलो."
"पैसे देऊन?"
"हो."

गंजका बोल्ट काही सापडला नव्हता.
तीनावरच बसवलेला साडीगार्ड
बारशाच्या दारापर्यंत
खुळखुळत राहिला.